पिवळ्या पिशवीत जायच्या आधी तिला विचारा

गेले दोन-तीन महिने आमच्या बेळगाव-खानापूर भागात एक वाद चाललाय. पोट पडलं किंवा बाळ पोटातच गेलं, तर त्याचा नाहीतर वारेचा (प्लासेंटाचा) एक तुकडा तपासणीला आणि पुढे संशोधनाला ठेवून घ्यावा का, आणि घरच्यांना तसं विचारावं का, असा तो प्रश्न. लग्नाच्या पंगतीत निघतो, महिला मंडळात निघतो, आशाताई आल्या की ओसरीवर निघतो. एक बाजू म्हणते आमच्या मेलेल्या लेकरावर प्रयोग करू देणार नाही. दुसरी बाजू, शिकलेली, ती म्हणते लोक अडाणी आहेत, असंच चाललं तर विज्ञान पुढं कसं जाणार. दोन्हीकडचं ऐकून मला त्रास होतो, कारण ज्या बाईचं पोट पडलंय तिला काय पाहिजे हे दोन्हीकडे कुणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगते. विचारलंच पाहिजे. प्रत्येकीला, तिच्या भाषेत, तिला समजेल असं. त्या तुकड्यातनं जे कळेल ते पहिल्यांदा तिला सांगितलं पाहिजे, आणि तिची परवानगी असेल तरच उरलेलं संशोधनाला जावं. नको म्हणाली तर नको, तिच्या उपचारात तसूभर फरक पडता कामा नये. पण 'अशा वेळी कशाला विचारायचं बिचारीला' म्हणून गप्प बसणं, ह्याला मी दया म्हणणार नाही.

मी सतरा वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणून काही गोष्टी मला रोज दिसतात. नियमाप्रमाणे दवाखान्यातला कचरा रंगाच्या पिशव्यांत जातो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत पिवळ्या पिशवीत काय टाकायचं ते लिहिलंय: माणसाचे अवयव, मांस, आणि जगू शकणार नाही इतक्या कमी दिवसांचा गर्भ. तिथनं ते जाळायला जातं. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही, रोगराई पसरू नये म्हणून तो पाहिजेच. पण ह्याचा अर्थ असा की घरच्यांनी मागून घेतलं नाही आणि डॉक्टरांनी तपासायला पाठवलं नाही तर पाच महिन्यांचं बाळ पिवळ्या पिशवीतनं जातं. मृतजन्म म्हणून सरकारी रजिस्टरात नोंद व्हायला २८ आठवडे भरावे लागतात, त्याच्या आतलं म्हणजे कागदावर काही झालंच नाही. मग 'आमच्या लेकराला हात लावू नका' म्हणणाऱ्यांना मी विचारते, आत्ता त्या लेकराचं काय होतं हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?

माझी भाची जांबोटीकडच्या एका खेड्यात दिलीय. नवरा गोव्यात कामाला, महिन्यातनं एकदा येतो. तिचं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं गेल्या पावसाळ्यात पाचव्यात. पहाटे कळा सुरू झाल्या, जीप करून बेळगावला एका मोठ्या दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी ड्युटी सोडून गेले तर ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेली, शेजारच्या कॉटवर एक बाळ रडत होतं. तिनं कशावर तरी सही केली होती, कागद कन्नड आणि इंग्लिशमध्ये, तिचं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. "काय लिहिलंय ओ आत्या त्यात? मला कोण काय सांगाय नाही." मी वाचलं, क्युरेटिंगची, म्हणजे गर्भाशय साफ करायची, परवानगी होती. मी नर्सबाईंना विचारलं, तुकडा लॅबला पाठवलाय काय. त्या म्हणाल्या पाठवलाय, आणि मला डबी दाखवली. फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिननं पेशी मरतात, वार सुजलीय का, इन्फेक्शन झालंय का हे त्यात बघता येतं, पण पेशी वाढवून गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे, मोजायची असतील तर तुकडा सलाईनमध्ये, निर्जंतुक डबीत, थंड ठेवून, वेळेत पोचवावा लागतो. दोन वेळा पोट पडलेल्या पोरीच्या बाबतीत हेच बघायचं राहिलं. त्या नर्सबाईंचा दोष मी मानत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या रात्री एका वॉर्डात त्या एकट्या होत्या. घरी गेल्यावर सासूनं कारण शोधलंच. चोर्ल्याच्या घाटातनं बसनं गोव्याला गेली होती नवऱ्याकडे, म्हणून पडलं.

तर आता पेशीचं बोलूया, कारण सगळा वाद 'पेशीबिशी आपल्याला काय करायच्यात' असं म्हणून बाजूला सारला जातो. दिवस गेल्याचं कळल्यानंतर जी गरोदरपणं मोडतात ती साधारण शंभरात पंधरा. त्यातली बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातल्या निम्म्या किंवा जास्तीच्या गर्भात गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. माणसाच्या पेशीत ४६ पाहिजेत, तिथं ४७ असतात नाहीतर ४५. सोळा नंबरचं गुणसूत्र दोनाच्या ऐवजी तीन असणं हा त्यातला नेहमी सापडणारा प्रकार, असं बाळ जगूच शकत नाही. ही चूक होते कुठं? बाईची सगळी बीजांडं ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्ध्यावर टाकून थांबून राहतात, वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं. इतका काळ गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवायचं काम कोहेसिन नावाची प्रथिनं करतात आणि ती वयाबरोबर कमी होत जातात. आमच्या शहापूर-वडगावच्या मागावर ताणा फार दिवस तसाच राहिला की दोरा ढिला पडतो ना, तसं धरा. मग ऐनवेळी एक जोडी नीट सुटत नाही, दोन्ही एकाच बाजूला जातात. घाटातली बस, उचललेली घागर, खाल्लेली पपई, ग्रहणात चिरलेली भाजी, ह्यातलं काहीही त्या जोडीपर्यंत पोचत नाही. आणि ४५ गुणसूत्रांचा जो प्रकार आहे, एकच एक्स असलेला, त्यात बहुतेक वेळा बापाकडनं यायचं ते गुणसूत्र आलेलं नसतं. हे मी बापावर दोष ढकलायला सांगत नाहीये. दोष नावाची वस्तूच तिथं नाही, एवढं सांगायचंय. हे एका पानाच्या रिपोर्टावर लिहून येऊ शकतं आणि सासूच्या समोर ठेवता येऊ शकतं. असा कागद आमच्या किती बायकांच्या हातात पडला?

हे ज्ञान आलं कुठनं, हेही बघितलं पाहिजे. सीमाभागात १९५६ म्हटलं की एकच गोष्ट आठवते, राज्य पुनर्रचना, आम्ही कुठल्या बाजूला गेलो ते. त्याच १९५६ साली स्वीडनमधल्या लुंड गावातनं त्यो आणि लेवान ह्या दोघांचा पेपर आला की माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्याआधी तीस-बत्तीस वर्षं सगळं जग ४८ समजत होतं, पुस्तकांत छापत होतं. ते ४६ त्यांनी मोजले कशात? गर्भपात झालेल्या गर्भांच्या फुप्फुसाच्या पेशींत.

आरएच फॅक्टरचं बघा, म्हणजे रक्तगटातलं ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. पहिलं मूल धडधाकट, मग दुसरं पोटात जायचं, तिसरं जन्मून पिवळं पडून जायचं. आमच्याकडे अशा बाईला काय काय म्हणत होते ते वयस्कर बायकांना विचारा, कुणाची तरी हाय लागली, करणी झाली, पांढऱ्या पायाची. १९३९ मध्ये अमेरिकेत लेव्हिन आणि स्टेट्सन ह्या डॉक्टरांनी अशाच एका बाईची गोष्ट लिहिली, बाळ मृत जन्मलं होतं, रक्तस्राव झाला म्हणून नवऱ्याचं रक्त दिलं आणि तिला ते बाधलं. नवऱ्याच्या रक्तात असं काय आहे जे हिच्या शरीराला चालत नाही, आणि तेच बाळाकडे गेलं असेल का, हा प्रश्न त्या एका वॉर्डातल्या एका बाईमुळं पडला. उत्तर निघालं तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. आईचं शरीर बाळाच्या रक्तावर उलटू नये म्हणून १९६८ पासून अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला लागलं. आज आरएच निगेटिव्ह बाईचं पोट पडलं तर आमच्या लॅबमधनं रक्तगट कळवतो आणि ती सुई देतात, आणि तिचं पुढचं मूल वाचतं. पेशीतलं संशोधन आणि वॉर्डातली सुई ह्यात अंतर आहे असं कुणाला वाटतं त्यानं हा धागा एकदा धरून बघावा.

तिसरं उदाहरण तर आपल्या पोरांच्या दंडावर आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेलाची लस द्यायची मोहीम देशात ज्या पहिल्या पाच ठिकाणी सुरू झाली त्यात आपलं कर्नाटक होतं. माझ्या पोरीला शाळेत रांगेत उभं करून दिली, बोटावर शाईची खूण घेऊन घरी आली. रुबेला गरोदर बाईला झाला तर गर्भ पडतो, नाहीतर मूल आंधळं, बहिरं, हृदयाचा दोष घेऊन येतं. त्या लसीतल्या रुबेलाच्या विषाणूचं नाव आरए २७/३. आर म्हणजे रुबेला, ए म्हणजे गर्भपात झालेला गर्भ, सत्ताविसावा गर्भ, त्याच्यातला तिसरा तुकडा. १९६० च्या दशकात अमेरिकेत रुबेलाची साथ आली होती, आजार झालेल्या एका बाईच्या गर्भातनं तो विषाणू वेगळा केला. लाखो बायकांची पोटं ज्यामुळं वाचली ती लस एका मोडलेल्या गरोदरपणातनं आली. त्या बाईला हे कधी कळलं असेल का, हा विचार माझ्या मनातनं जात नाही.

आणि इथंच विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात जड मुद्दा येतो, तो मी मान्य करते. त्याच काळात स्वीडनमधल्या एका बाईच्या गर्भाच्या फुप्फुसातनं डब्ल्यूआय-३८ नावाच्या पेशी तयार केल्या, रुबेलाची लस वाढवायला त्या वापरल्या, त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. १९५१ मध्ये हेनरिएटा लॅक्स ह्या काळ्या बाईच्या कॅन्सरच्या पेशी न विचारता घेतल्या, आजपण जगभरच्या लॅबमध्ये त्या वाढतायत. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या ऑल्डर हे दवाखान्यात मेलेल्या लेकरांचे अवयव आईबापांना न सांगता वर्षानुवर्षं ठेवले होते, १९९९ मध्ये ते उघडं पडलं, काही आईबापांना मग एकाच लेकराचा अंत्यविधी परत परत करावा लागला. आणि परदेशाचं कशाला, आपल्याच देशात २००९-१० मध्ये त्यावेळच्या आंध्रातल्या खम्ममला शाळकरी पोरींना एचपीव्हीची (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची) लस दिली त्यावेळी परवानगीच्या कित्येक कागदांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे मारले. आणि मुडलगी कोण विसरलंय? आपल्याच जिल्ह्यातलं गाव, जून २०२२, ओढ्यात डबे सापडले आणि डब्यांत सात गर्भ. मुलगी आहे म्हणून पाडलेली असणार, हाच संशय त्यावेळी सगळ्यांच्या तोंडी होता. अशा जिल्ह्यात गर्भ डबीत भरून ठेवणार म्हटल्यावर लोकांच्या पोटात गोळा आला तर त्यांना अडाणी म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

पण ह्या सगळ्या प्रकरणांत नेमकं काय चुकलं होतं? विचारलं नव्हतं. लपवून केलं होतं. इंग्लंडनं ऑल्डर हे नंतर अवयवांवरचं संशोधन बंद केलं नाही, २००४ मध्ये कायदा केला की परवानगीशिवाय काही ठेवायचं नाही. मुडलगीतली माणसं कुणाची सही घेत बसली होती काय? जिथं कागद आहे, नोंद आहे, आईच्या हातात प्रत आहे, तिथं ओढ्यात डबे टाकणं अवघड होतं. भीती खरी आहे, पण त्या भीतीचं उत्तर पिवळ्या पिशवीचं मौन असू शकत नाही, कारण मुडलगीसारख्या गोष्टी लपल्या त्या अशा मौनातच. रिपोर्टात बाळाचं लिंग लिहायचं नाही, ही अट मी स्वतः पहिली घालीन. आपल्या भागात ते कळलं की कुठल्या दिशेनं बोलणी जातात हे मला माहिती आहे.

दुसरा मुद्दा, दुःखाच्या वेळी असं विचारणं क्रूर आहे. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, कारण माझं स्वतःचं साडेचार महिन्यांचं गेलंय. बारा वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी घरी न्हाणीत उभी होते आणि ब्लाऊज ओला झाला. दूध आलं होतं. सोळा-अठरा आठवड्यांनंतर पोट पडलं तर दूध येऊ शकतं, ते थांबवायला गोळी असते, हे मला, लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला, दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या न्हाणीत दार लावून बसले, किती वेळ ते आठवत नाही. त्यावेळी मला काय क्रूर वाटलं असतं? कुणी जवळ येऊन, स्टूल ओढून बसून, 'बाई, असं का झालं ते बघायचं असलं तर वारेचा एवढासा तुकडा पाठवूया, तुमची इच्छा असेल तर' असं म्हणालं असतं ते क्रूर वाटलं असतं? की मला कुणी काहीच विचारलं नाही, जणू पोटात काही नव्हतंच, ते क्रूर होतं? मला बारा वर्षांत ह्याचं एकच उत्तर सापडलंय. कुणाला दुसरं सापडेल, म्हणूनच विचारायचं असतं. नको म्हणायची संधीपण विचारल्याशिवाय मिळत नाही.

धर्माचं, मातीचंही बोलतात. लहान लेकराला आपण जाळत नाही, पुरतो, बांधाच्या कडेला, कुणी हळदीकुंकू वाहतं. ते करावं, करू द्यावं, मागितलं तर दवाखान्यानं रीतसर कागद करून, व्यवस्थित फडक्यात गुंडाळून हातात द्यावं. गुणसूत्रांच्या तपासणीला वारेचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. तेवढ्यानं मातीचा मान कमी होतो असं मला वाटत नाही.

तिसरा मुद्दा मात्र खरोखरचा आहे आणि तो डॉक्टर मंडळीच जास्त मांडतात. इथं रक्त मिळत नाही, ॲम्ब्युलन्स कणकुंबीच्या पावसात अडकते, एका नर्सवर चाळीस कॉट, आणि तुम्ही गुणसूत्रं मोजायला निघालात? नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी दवाखान्यात सिझेरियन झालेल्या बाळंतिणी एकामागून एक दगावल्या, सलाईनवर संशय आला, डिसेंबरच्या अधिवेशनात इथंच बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधात, त्यावर गदारोळ झाला. साधी सलाईनची बाटली भरवशाची नाही तिथं संशोधन म्हणजे चैन, असं कुणी म्हटलं तर चटकन खोडता येत नाही. मीपण पैसे दोन्हीकडे पुरणार नाहीत हे मान्य करते. शेवटी निवड करायचीच झाली तर आधी रक्त आणि नर्स.

तरी ही निवड जितकी सरळ मांडतात तितकी ती नाही, आणि ह्याचा पुरावा बेळगावच आहे. ह्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत, घरी आणि उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणांत, इथल्या जेएनएमसी ह्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी संशोधकांबरोबर एक अभ्यास केला, २००६ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १,६२० बायका, निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. देणाऱ्या कोण, तर आपल्या एएनएम बाया, उपकेंद्रातल्या नर्सबाई. बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. निम्म्यांना औषधाविना ठेवलं ह्यावर आक्षेप घेता येतो, तो घ्यावा. पण जिथं फ्रिज नाही, सुई द्यायला माणूस नाही तिथं चालणारं औषध कुठलं, ह्याचं उत्तर त्यातनं जगाला मिळालं, २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ह्या कामासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली. पुढं ॲस्पिरिनचा अभ्यास, सहा देश, सुमारे बारा हजार पहिलटकरणी, त्यातपण बेळगाव होतं. वारेतल्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात, ते नीट झालं नाही की रक्त कमी पडतं, हे पेशीच्या पातळीवर कळलं होतं म्हणून तर रोज ८१ मिलिग्रॅमची ती स्वस्तातली गोळी देऊन बघायचं सुचलं. २०२० मध्ये निकाल आला, दिवस भरायच्या आधी होणारी बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर. फरक दिसायला बारीक, पण गोळीची किंमत बघा आणि काचेच्या पेटीतल्या बाळाचा एका दिवसाचा खर्च बघा. मग गरीब जिल्ह्याला संशोधन परवडत नाही म्हणायचं, की संशोधन न करणं परवडत नाही म्हणायचं?

आणि कारण न शोधता जे चाललंय त्याचा खर्च कोण मोजतं? पोट पडलं की पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून बेडरेस्ट, हार्मोनच्या सुया, ह्या गोळ्या त्या गोळ्या. झोपून राहिल्यानं पोट टिकतं ह्याला पुरावा नाही, पण भातलावणीच्या दिवसांत पोरगी तीन महिने कॉटवर, घरात त्यावरनं भांडणं, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. २०१५ चा एक मोठा अभ्यास आहे, कारण न सापडता परत परत पोट पडलेल्या आठशे छत्तीस बायका, निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं हार्मोन, निम्म्यांना खोटं औषध. मूल हाती आलं ते पहिल्या गटात शंभरात सुमारे ६६ जणींना, दुसऱ्या गटात ६३ जणींना, म्हणजे जवळपास सारखंच. आधी पोट पडलंय आणि आता सुरुवातीला रक्त दिसतंय अशा बायकांना त्याचा फायदा होतो असं २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणी माझं वाचून बंद करू नका. मला एवढंच म्हणायचंय की कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे मोजूनच कळतं. मोजलं नाही की काय होतं ते अमेरिकेनं बघितलंय. पोट पडू नये म्हणून डीईएस नावाचं हार्मोन १९४० च्या दशकापासून गरोदर बायकांना देत होते. त्याचा काही उपयोग होत नाही हे १९५३ मध्येच चाचणीत दिसलं होतं, तरी देत राहिले, आणि १९७१ मध्ये कळलं की त्या बायकांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनीमार्गाचा दुर्मिळ कॅन्सर होतोय. ते डॉक्टर काही वाईट नव्हते, बाईचं रडणं त्यांना बघवत नव्हतं. निव्वळ कळवळ्यानं दिलेलं औषध पण असं अंगावर येऊ शकतं.

हेही कबूल करते की तुकडा तपासला म्हणून सगळ्यांना उत्तर मिळणार नाही. पुष्कळ जणींच्या रिपोर्टात गुणसूत्रं बरोबर येतील, मग अँटिफॉस्फोलिपिडची (रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीची), थायरॉईडची, साखरेची रक्ततपासणी करावी लागेल, काहींना त्यातनं ॲस्पिरिन आणि हेपारिन ह्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी फायदा होईल, आणि काहींना शेवटपर्यंत कारण सापडणार नाही. पण 'सगळं बघितलं, सापडलं नाही, आणि अशा बायकांत तिघींतल्या दोघींना पुढं मूल होतं' हे ऐकणं वेगळं, आणि 'कुणी बघितलंच नाही' हे वेगळं.

शिकलेल्या बाजूला मला एक सांगायचंय. लोकांनी विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर आधी वॉर्ड बदला. पोट पडलेल्या बाईला बाळंतिणींच्या मधल्या कॉटवर ठेवू नका, एक पडदा लावायला किती पैसे लागतात? दूध येईल हे सांगा. रक्तगट बघून अँटी-डी द्या. नोकरीतल्या बाईला सांगा की कायद्यानं पोट पडल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, कित्येक जणी चौथ्या दिवशी कामावर जातात कारण त्यांना माहितीच नसतं. रिपोर्ट आला की फोन करा. ज्या दवाखान्यात बाईला माणसासारखं वागवत नाहीत तिथं तिच्या बाळाचा तुकडा मागितला तर ती संशय घेणारच, आणि घ्यायलाच पाहिजे.

आणि भाषा. आपण सीमाभागातले लोक फलकांच्या भाषेवर भांडतो, सरकारी परिपत्रकं मराठीत द्या म्हणून मोर्चे काढतो, सीमेचा खटला कोर्टात २००४ पासून आहे. त्या मागण्यांना माझा पाठिंबा आहे. पण खानापूरच्या, निपाणीच्या, बेळगाव तालुक्यातल्या आपल्या बायका ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी न वाचता येणाऱ्या कागदावर सही करतात, ह्यावर एक तरी मोर्चा निघाला का? दुकानाची पाटी वाचता आली नाही तर बाजूच्याला विचारता येतं. परवानगीचा कागद वाचता आला नाही तर ती परवानगीच नाही, कायद्यानं काही म्हणो. हे कन्नडच्या विरोधात नाही, कोल्हापूरच्या दवाखान्यात एखादी कन्नड बाई आली तर तिलाही कन्नडमध्येच कागद मिळाला पाहिजे. कोल्हापूर म्हटलं की आनंदीबाई जोशी आठवतात. चौदाव्या वर्षी त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं, त्यानंतर त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये पदवी मिळवली, प्रसूतीशास्त्रावर प्रबंध लिहिला, आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डावर त्यांची नेमणूक झाली होती. कामावर रुजू व्हायच्या आधीच त्या गेल्या. आपल्या बाईला आपल्या भाषेत विचारणारी डॉक्टर त्या वॉर्डात बसायची होती.

मी आता एक कागद लिहायला घेतलाय, मराठीत, एकच पान, आमच्या डॉक्टरांना दाखवणार आहे. काय घेणार, किती घेणार, कशासाठी, किती दिवस ठेवणार, नको म्हटलं तर काही बिघडत नाही, रिपोर्ट तुम्हाला कधी आणि कोण सांगणार, बाकीचं तुम्ही घरी नेऊ शकता, पुढं मन बदललं तर कुणाला फोन करायचा. गेल्या रविवारी भाची आली होती, तिला वाचून दाखवला. दुसऱ्याच ओळीला तिनं थांबवलं. "ऊतक म्हणजे काय ओ आत्या?" मी ते खोडून 'वारेचा बारीक तुकडा' असं लिहिलं. तिनं कागद हातात घेतला आणि पुढचं स्वतःच वाचायला लागली.